एक लस दुसरीचं काय करते?

दीड महिन्याचं लेकरू घेऊन आई लसीकरणाला येते तेव्हा बहुधा आजी सोबत असते, आणि नेमका प्रश्न आजीच विचारते. येवढुशा लेकराला एकाच दिवशी इतक्या सुया कशाला? एक आज टोचा, बाकीच्या पुढच्या बारीला. परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यातलं वालूर हे चक्राकार पायऱ्यांच्या बारवेसाठी ओळखलं जाणारं गाव. असा प्रश्न तिथे निघू शकतो तसाच तो मुंबईच्या दवाखान्यातही निघतो. तिथे आजीऐवजी बाप मोबाइल पुढे करून विचारतो, एवढाच फरक.

"काही होत नाही, आजी," हे आरोग्य सेविकेचं ठरलेलं उत्तर. ते बरोबर आहे, पण अपुरं आहे. दीड महिन्याला बाळाला काय काय मिळतं ते पाहा. तोंडात पोलिओचे दोन थेंब, तोंडातूनच रोटाव्हायरसची लस, डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट, उजव्या मांडीत न्यूमोकोकलची पीसीव्ही आणि उजव्या दंडावर कातडीच्या आत पोलिओच्या इंजेक्शनचा छोटा डोस. पाच लसी, आठ आजार. एवढ्या लसी एकत्र दिल्या की त्या एकमेकींच्या आड येत नाहीत का? खरं उत्तर असं की कधी कधी येतात. कधी उलट एक लस दुसरीला हात देते. हे कुठे घडतं आणि किती घडतं ते मोजलं गेलं आहे, आणि माता-बाल संरक्षण कार्डावरचे रकाने त्या मोजमापानंतर ठरले आहेत. बाळाच्या शरीराला 'ओझं' होतं ही समजूत मात्र बाजूला ठेवलेली बरी. जन्मल्या क्षणापासून बाळाच्या कातडीवर, नाकात, आतड्यात असंख्य जंतू येत असतात, त्यांच्या तुलनेत लसींचा भार किरकोळ आहे. लसींची संख्या हा मुद्दा नाही. कोणती लस कोणत्या वाटेने शरीरात जाते आणि त्या वाटेवर तिला कोण भेटतं, हा आहे.

आड येण्याचं आपल्या देशातलं सर्वांत मोठं उदाहरण एकाच थेंबात लपलेलं होतं. जुन्या पोलिओ डोसात पोलिओचे तिन्ही प्रकार असत, तिन्ही जिवंत पण दुबळे केलेले. ते आतड्यात वाढतात आणि वाढता वाढता प्रतिकारशक्ती जागी करतात. यांतला दुसरा प्रकार फार जोमाने वाढतो आणि पहिल्या व तिसऱ्याला जागा मिळू देत नाही. हे ठाऊक असल्यामुळे डोसात पहिल्या प्रकाराचं प्रमाण दुसऱ्याच्या दहापट ठेवलेलं असे. तरी उत्तर प्रदेश, बिहारसारख्या दाट वस्तीच्या आणि जुलाबांनी पिडलेल्या भागांत हे पुरेना. अनेकदा थेंब पाजूनही मुलांना पोलिओ होत राहिला. लोकांना लसीचा संशय येऊ लागला, आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा!

यातली खरी गंमत, किंवा खरं दुर्दैव, पुढे आहे. दुसऱ्या प्रकाराचा रानटी विषाणू 1999 मध्ये जगात शेवटचा सापडला, तोही भारतातच. म्हणजे त्यानंतर कितीतरी वर्षं ज्या रानटी विषाणूचा रोगीच उरला नव्हता, त्याची लस उरलेल्या दोघांच्या लसीला आडवी येत होती. 2005 मध्ये केवळ पहिल्या प्रकाराची लस आली. 2008 मध्ये भारतातल्या तीन केंद्रांवर नवजात बाळांमध्ये चाचणी झाली, तिचे आकडे बोलके आहेत. दोन डोसांनंतर पहिल्या प्रकाराविरुद्ध प्रतिपिंडं तयार झालेल्या बाळांचं प्रमाण तिहेरी लसीने 63 टक्के होतं, तर दुसरा प्रकार काढून टाकलेल्या दुहेरी लसीने 86 टक्के. तिसऱ्या प्रकाराविरुद्ध 52 विरुद्ध 74. औषधात नवं काही घातलं नव्हतं, उलट एक जिन्नस वगळला होता. जानेवारी 2010 मध्ये ही दुहेरी लस मोहिमेत आली आणि 13 जानेवारी 2011 ला हावड्याच्या मुलीत दिसलेला रानटी पोलिओ देशातला शेवटचा ठरला. श्रेय एकट्या लसीचं नाही, घरोघर फिरणाऱ्या बायकांचं त्याहून मोठं आहे. पण त्यांच्या हातातलं हत्यार त्या एका बदलाने धारदार झालं. 25 एप्रिल 2016 पासून नेहमीच्या लसीकरणातूनही तिहेरी थेंब गेले. आज वालूरला पाजले जातात ते दुहेरी थेंब.

मग दंडावर पोलिओचं इंजेक्शन कशासाठी? थेंबांमधून दुसरा प्रकार गेला, त्याच्यापासून संरक्षण राहावं म्हणून ते आहेच. पण त्याचं दुसरं कामही आहे. थेंबांनी आतड्यात तयार झालेली प्रतिकारशक्ती काळानुसार ओसरते. मुरादाबाद जिल्ह्यातल्या मुलांवर झालेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की आधी थेंब घेतलेल्या मुलाला इंजेक्शनचा एक डोस दिला, तर आणखी एकदा थेंब पाजण्यापेक्षा आतड्याचं संरक्षण अधिक वाढतं. नुसतं इंजेक्शन हे काम नीट करू शकत नाही, आधी थेंबांनी जमीन तयार केलेली असावी लागते. एकाच रोगाच्या दोन लसी एकमेकींना पूरक ठरल्या, आणि त्यांचा क्रमही महत्त्वाचा निघाला.

त्याच तोंडात पडणारी रोटाव्हायरसची लसही जिवंत असते आणि तिलाही आतड्यातच वाढायचं असतं. पोलिओचे थेंब सोबत दिले की तिच्या पहिल्या डोसाचा परिणाम काहीसा कमी होतो, पुढच्या डोसांनी ही तूट बरीचशी भरून निघते. मग दोन्ही वेगळ्या दिवशी का देऊ नयेत? कारण वेगळा दिवस म्हणजे वेगळी खेप, आणि खेप वाढली की मूल गळतं. रोटाव्हॅक या भारतीय लसीची मोठी चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्रामार्फत झाली. त्यात 6,799 बाळं होती, आणि लसीसोबत पोलिओचे थेंबही दिले गेले. पहिल्या वर्षात गंभीर रोटा-जुलाबांपासून सुमारे 56 टक्के संरक्षण मिळालं. आकडा डोळे दिपवणारा नाही, पण तो पोलिओच्या थेंबांना सोबत घेऊन मिळालेला आहे, म्हणजे गावात प्रत्यक्ष जे घडतं त्याच परिस्थितीतला आहे. आदर्श अंतर ठेवून मिळालेल्या मोठ्या आकड्यापेक्षा मला हा अधिक कामाचा वाटतो.

टोचायच्या जिवंत लसींची गोष्ट वेगळी. विषाणू शरीरात शिरला की पेशी इंटरफेरॉन नावाची रसायनं सोडतात आणि आजूबाजूच्या पेशी सावध होतात. गोवराची लस दिली की हा पहारा काही आठवडे कडक राहू शकतो. त्या काळात दुसरी जिवंत लस टोचली तर तिच्यातल्या दुबळ्या विषाणूला वाढायला पुरेसा वाव मिळत नाही आणि लस वाया जाऊ शकते. म्हणून नियम असा, की टोचायच्या दोन जिवंत लसी एकाच दिवशी द्याव्यात, नाहीतर मध्ये निदान चार आठवडे जाऊ द्यावेत. एकाच दिवशी दिल्या तर पहारा उभा राहण्याआधीच दोघी आत शिरलेल्या असतात. नऊ महिन्यांना गोवर-रुबेला आणि, जिथे जपानी मेंदूज्वराची जिवंत लस दिली जाते त्या जिल्ह्यांत, तीही त्याच दिवशी देतात, ती याच हिशोबाने. नियम मोडला की काय होतं ते अमेरिकेत 2001 मध्ये पुढे आलं. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीनंतर 28 दिवसांच्या आत कांजिण्यांची लस घेतलेल्या मुलांना पुढे लस घेऊनही कांजिण्या होण्याचा धोका अंतर पाळलेल्यांच्या अडीचपट निघाला. सरकारी केंद्रात कांजिण्यांची लस नसते, ती खाजगी डॉक्टरांकडे मिळते. त्यामुळे एक लस गावात आणि दुसरी सेलूत किंवा परभणीत घेणाऱ्या घरांनी हा नियम लक्षात ठेवावा. एकाच दिवशीचा नियम सर्वत्र सारखा लागू पडतो असंही नाही. ब्राझीलमध्ये पीतज्वराची लस गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीबरोबर दिल्यावर प्रतिसाद कमी आल्याचं आढळलं. म्हणूनच प्रत्येक जोडी तपासूनच घ्यावी लागते, अंदाजाने चालत नाही. आणखी एक, ज्याचा आपल्याकडे उपयोग आहे: गोवराच्या लसीने क्षयरोगाची मँटू चाचणी काही काळ खोटी नकारात्मक येऊ शकते. ती करायची असेल तर लसीच्याच दिवशी करावी, नाहीतर चार आठवडे थांबावं.

आता हात देण्याची गोष्ट. तिचं केंद्र पुण्याला आहे.

आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंत एक पट्टा आहे, तिथे कोरड्या हंगामात मेंदूज्वराच्या साथी उसळत. बहुतेक साथींमागे मेनिंगोकोकस जंतूचा 'अ' गट असे. या जंतूभोवती साखरेसारख्या रेणूंचं आवरण असतं. नुसतं ते आवरण टोचलं तर लहान मुलांचं शरीर त्याच्याकडे फारसं लक्ष देत नाही आणि आठवणही ठेवत नाही. मग ते आवरण ओळखीच्या प्रथिनाला जोडायचं. गावात परका माणूस एकटा आला तर दार लवकर उघडत नाही, पण आपल्या सोयऱ्याबरोबर आला की त्यालाही चहा मिळतो आणि त्याचं नाव लक्षात राहतं. इथला सोयरा म्हणजे धनुर्वाताचं निर्विष केलेलं प्रथिन, टिटॅनस टॉक्सॉइड. धनुर्वाताची लस आधी घेतलेल्या शरीरात त्याला ओळखणाऱ्या पेशी तयार असतात आणि त्या नवख्या आवरणाविरुद्धही मदत करतात.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने पाथ ही संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त प्रकल्पात अशी लस बनवली, मेनाफ्रिव्हॅक. किंमत डोसाला अर्ध्या डॉलरच्या आत ठेवायची, ही आफ्रिकी देशांची अट होती आणि ती पाळली गेली. माणसांवरची पहिली चाचणी भारतीय प्रौढांमध्ये झाली, डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या पुढाकाराने. दोन ते दहा वर्षांच्या भारतीय मुलांमधली चाचणी पुणे जिल्ह्यातल्या वढू परिसरात केईएम संशोधन केंद्राने केली. हे तेच वढू, जिथे डॉ. बानू कोयाजींनी ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं होतं. डिसेंबर 2010 मध्ये बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली आणि पट्ट्यातल्या देशांत एक ते 29 वर्षांच्या कोट्यवधी लोकांना ही लस मिळाली. 'अ' गटाच्या साथी जवळपास थांबल्या.

पण आपल्या विषयाचा भाग याच्या पुढचा आहे. ही लस घेतलेल्यांच्या रक्तात धनुर्वाताविरुद्धची प्रतिपिंडंही वाढली. वाहक म्हणून सोबत आलेलं प्रथिन स्वतःही लसच होतं! आफ्रिकेत मोठ्या वयात धनुर्वाताचा डोस प्रामुख्याने गरोदर बायांना मिळतो. पुरुष आणि किशोरवयीन मुलं मागे राहतात. मेंदूज्वराच्या मोहिमेने त्या सर्वांना धनुर्वाताचा न मागितलेला डोस दिला, आणि मोहीम झालेल्या देशांत नवजात बाळांच्या धनुर्वाताचे रुग्णही कमी झाल्याचं नंतर नोंदवलं गेलं. पुण्याच्या कारखान्यातून निघालेल्या कुपीने एका खर्चात दोन कामं केली. लसींच्या परस्पर परिणामाचं यापेक्षा समाधान देणारं उदाहरण मला माहीत नाही.

सोयऱ्याची दुसरी बाजूही असते. सोयरा फारच लाडका असेल, किंवा एकाच दिवशी तो चार परक्यांना घेऊन चार दारांनी आला, तर सारे त्याच्याच भोवती जमतात आणि परके ओट्यावर ताटकळत राहतात. वाहक प्रथिनाविरुद्धची शक्ती आधीच फार प्रबळ असली, किंवा तेच प्रथिन एकदम जास्त प्रमाणात दिलं गेलं, तर जोडलेल्या आवरणाविरुद्धचा प्रतिसाद दबू शकतो. म्हणून लस बनवणारे वाहक निवडताना जपतात. सीरमने पुढे पाच गटांवरची मेनफाइव्ह ही लस केली, तिच्यात दोन वाहक आहेत. 'अ' आणि 'एक्स' गट धनुर्वाताच्या प्रथिनावर, बाकीचे तीन गट घटसर्पाच्या निरुपद्रवी केलेल्या प्रथिनावर. न्यूमोसिल या पुण्याच्याच पीसीव्ही लसीतही हे घटसर्पाकडचं प्रथिन वाहक आहे. सीरमच्या पेंटामधल्या हिब (मेंदूज्वर आणि न्यूमोनिया घडवणारा जंतू) घटकाला धनुर्वाताचं प्रथिन जोडलेलं असतं. म्हणजे पुण्याच्या या कुप्या जिथे वापरल्या जातात, तिथे बाळाच्या एका मांडीत धनुर्वात सोयरा असतो आणि दुसऱ्या मांडीत घटसर्प. नवी मुंबई महापालिकेने 2018 मध्ये मुलांना दिलेली टायफॉइडची नवी लसही धनुर्वाताच्या प्रथिनावरच बांधलेली होती.

पेंटावरून एक गोष्ट सांगायला हवी, कारण शहरातली घरं हल्ली 'पेनलेस' लस मागतात. सरकारी पेंटामध्ये डांग्या खोकल्याचा अख्खा, मारलेला जंतू असतो. त्याने ताप येतो, मांडी दुखते, रात्रभर लेकरू रडतं. पण तो अख्खा जंतू प्रतिकारयंत्रणेला खडबडून जागं करतो आणि त्याच सुईतल्या इतर घटकांनाही त्याचा फायदा होतो. ब्रिटनमध्ये 1999 नंतर काही काळ अख्ख्या जंतूऐवजी त्याचे निवडक तुकडे असलेली, म्हणजे 'पेनलेस' प्रकारची, लस हिबसोबत एका सुईत दिली गेली. हिबविरुद्धची प्रतिपिंडं कमी तयार झाली आणि मुलांमध्ये हिबचे गंभीर आजार पुन्हा वाढू लागले. इतर कारणंही होती, मुख्य म्हणजे त्यांच्या वेळापत्रकात दुसऱ्या वर्षाचा बूस्टर नव्हता, पण लसीचा बदल हे त्यांतलं एक. 2003 मध्ये बूस्टरची मोहीम काढून त्यांनी ते आवरलं. यावरून पेनलेस लस वाईट ठरत नाही. ती घेणाऱ्यांनी दीड वर्षाचा बूस्टर चुकवू नये, एवढंच ठरतं. आणि सरकारी सुईने आलेल्या तापाला नावं ठेवताना जरा हात आखडता घ्यावा.

बीसीजीचा प्रकार सर्वांत गूढ. जन्मल्यावर डाव्या दंडावर टोचली जाणारी ही क्षयरोगाची लस अनेक महिने शरीरात राहते. गांबियात 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जन्मतः बीसीजी घेतलेल्या बाळांमध्ये ब-काविळीच्या आणि पोलिओच्या लसींना मिळणारा प्रतिसाद अधिक दिसला. पुढे नेदरलंड्सच्या मिहाई नेटिया यांच्या गटाने दाखवलं की बीसीजीमुळे शरीराच्या पहिल्या फळीच्या पेशी काही काळ अधिक तत्पर होतात. डेन्मार्कचे पीटर आबी तर 1978 पासून गिनी-बिसाऊत नोंदी ठेवून सांगत आले, की गोवर आणि बीसीजीसारख्या जिवंत लसींनी बालमृत्यू आपापल्या रोगापुरत्या अपेक्षेपेक्षा अधिक घटतात, आणि मुलं-मुलींत फरकही दिसतो. याच प्रश्नासाठी वढूच्या जुन्या नोंदी तपासून पुण्याचे संशोधक आणि आबी यांनी मिळून 2012 मध्ये शोधनिबंध लिहिला. पण अशा नोंदींमध्ये एक अडचण असते. कोणतं मूल वेळेवर लस घेतं आणि कोणतं नाही, हे घरच्या परिस्थितीवरही ठरतं, त्यामुळे मृत्यूतला फरक लसीचा की गरिबीचा हे सोडवणं कठीण जातं. 2014 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे सारे अभ्यास तपासले आणि वेळापत्रक बदलण्याइतका पुरावा नाही असा निर्णय दिला. तो मला योग्य वाटतो. कोविडच्या काळात बीसीजीवर आशेचे इमले चढले, मुंबईच्या हाफकिन संस्थेनेही त्यावर चाचणी हाती घेतली. पण 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत बीसीजीने कोविड रोखल्याचं दिसलं नाही.

कोविडची लस आली तेव्हा 2021 मध्ये इतर लसींपासून 14 दिवस अंतर ठेवायला सांगितलं होतं, ते धोका दिसला म्हणून नव्हतं. एकत्र देण्याची माहिती अजून जमा व्हायची होती म्हणून होतं. नवी लस आली की असंच होतं. आधी अंतर, मग चाचणी, आणि चाचणीत ठीक ठरलं की एकाच दिवशी.

आता पुन्हा आजीच्या सूचनेकडे. सुया वाटून घेतल्या तर काय होईल? कार्डावरच्या या पाच लसी एकत्र देऊन तपासलेल्या आहेत. त्या वेगळ्या केल्याने मोजण्यासारखा फायदा नाही, तोटा मात्र मोठा आहे. दसरा-दिवाळीनंतर मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला कारखान्यांवर जातात. 'पुढची बारी' ही चैत्रात येते, तोवर डांग्या खोकला आणि न्यूमोनिया थांबत नाहीत. उशीर झाला तरी मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही, राहिलेले डोस पुढे चालू होतात आणि एका भेटीत जितके देय असतील तितके दिले जातात. घाई करून डोस जवळजवळ आणणं मात्र चुकीचं. पेंटाच्या दोन डोसांत चार आठवडे हवेतच, कारण आधीच्या डोसाने सुरू केलेलं काम शरीराला पुरं करू द्यावं लागतं.

तेव्हा दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस कार्डावर आहेत तसे, एकत्रच द्या. कारखान्यावर जाताना कार्ड गाठोड्यात बांधा, तिथल्या केंद्रातही पुढचा डोस मिळतो. आणि खाजगीत कुठलीही लस घेण्याआधी डॉक्टरांना तेच कार्ड दाखवून एवढं विचारा: ही टोचायची जिवंत लस आहे का, आणि मागच्या टोचलेल्या जिवंत लसीला चार आठवडे झाले का?